भुईवरची चंदी

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजाच्या पागेतल्या घोड्यांना माणसांपेक्षा जास्त मान होता, तेव्हा एका नदीकाठच्या राज्यात जनावरांच्या वैद्यांची पाठशाळा होती. पाच वर्षं तिथे सगळे विद्यार्थी सगळ्याच जनावरांची विद्या शिकत. सहाव्या वर्षी मात्र ज्याला त्याला एक शाखा निवडावी लागे.

त्यासाठी ओसरीवर सहा खुंट्या होत्या. त्यांवर सहा वस्तू टांगलेल्या असत: हत्तीचा अंकुश, घोड्याचा लगाम, गाईचं दावं, मेंढीच्या गळ्यातली घंटा, पाखराचा पिंजरा, आणि शेवटच्या खुंटीवर फडक्यात गुंडाळलेली सुरी. जो जे उचलील, ते त्याचं. उचललेली वस्तू परत टांगायची नाही, असा नियम होता.

सुरी आपण होऊन कोणी घेत नसे. मेलेलं जनावर उघडून ते कशानं मेलं हे शोधायचं, अशी ती शाखा. विद्या मोठी, पण मान थोडा. गाय वाचवणाऱ्या वैद्याला लोक दुधाचा तांब्या देतात. गाय का मेली हे सांगणाऱ्याला कोण काय देणार?

त्या वर्षी सहा विद्यार्थी होते आणि त्यांत मंजुळा सर्वांत हुशार. नाव मंजुळा, पण बोलणं कारल्याच्या भाजीसारखं. रोग ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खोड एकच. कोणी काही सांगितलं, की सांगितलेलं खरं की खोटं हे ती नंतर पाही. याला हे सांगून काय मिळणार, हे आधी. शेजारणीनं गरम भाकरी आणून दिली, तरी ही आधी उलटी करून बघणार.

पहिली आली म्हणून निवडीचा पहिला हक्क तिचा होता. मग काय, सल्ल्यांना तोटा नाही. माहुत म्हणाला, "हत्तीच्या नादी लागू नकोस, पोरी. एका हत्तीपायी जन्म जातो." मंजुळेच्या मनात आलं, याचा भाचा आपल्याच वर्गात आहे, अंकुश त्याच्यासाठी राखायचा असेल. गोठ्यावरची बाई म्हणाली, "गाय घे गं, पोटाला कधी कमी पडणार नाही." मंजुळेच्या मनात आलं, हिला म्हातारपणी शेण काढायला कोणीतरी हवं असेल.

शेवटी गुरुजींनीच तिला बोलावलं.

"मंजुळे, तू सुरी घे," ते म्हणाले. "तुझ्या मनात शंका फार. जिवंत माणसांना तिचा जाच होतो. मेलेल्या जनावरापुढे मात्र तीच शंका कामाला येते. तुझ्यासारखं खोदून बघणारं माणूस मला वीस वर्षांत मिळालं नाही."

खरं तर यापेक्षा मोठं कौतुक त्या पाठशाळेत कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं. पण मंजुळेला ते झोंबलं. ती खोलीतून बाहेर पडते, तोच तिला दारात सेनापतीचा मुलगा हंबीर दिसला. तो आत गेला. थोड्या वेळानं गुरुजींबरोबर बोलत बोलत बाहेर आला, आणि तिला पाहताच दोघंही गप्प झाले.

झालं! मंजुळेला सगळं लख्ख कळलं. निदान तिला तसं वाटलं. लगाम हंबीरला द्यायचा ठरलाय, आणि आपण मधे येऊ नये म्हणून आपल्या गळ्यात सुरी मारतायत!

दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेनं ओसरीवर चढली आणि तिनं लगाम उचलला. आपल्याला घोडे आवडतात का, हे तिनं स्वतःला एकदासुद्धा विचारलं नाही. हंबीरची पाळी सर्वांत शेवटी होती. त्याच्यासाठी सुरी उरली होती, ती त्यानं घेतली.

दोन वर्षांनी मंजुळा राजाच्या पागेची वैद्य झाली. पागेत चाळीस घोडे होते, आणि त्यांची देखभाल करणारा दौलू नावाचा म्हातारा मोतद्दार होता. राजाची लाडकी घोडी केतकी हिला तर दौलूनं जन्मल्यापासून हातावर वाढवलं होतं. त्याची हाक आली नाही तर ती चंदीला, म्हणजे रोजच्या दाण्याला, तोंड लावत नसे.

मंजुळा येऊन महिना झाला नाही, तोच एक घोडा मेला.

"वय झालं होतं त्याचं, बाई," दौलू डोळे पुसत म्हणाला. "बावीस वर्सांचा होता."

घोडा खरोखरच म्हातारा होता. पण मंजुळेची नजर घोड्यावर नव्हतीच, दौलूच्या डोळ्यांवर होती. मी विचारायच्या आधीच हा कारण का सांगतोय? पागेतल्या गव्हाणी अंधारात. चंदी कालवणारा हाच. त्यात यानं काही मिसळलं, तर कोणाला दिसणार?

तिनं हुकूम काढला. आजपासून गव्हाणी बंद. घोडे नदीकाठी मोकळ्यावर न्यायचे, आणि चंदी सर्वांच्या डोळ्यांदेखत भुईवर पसरायची.

दौलू हात जोडून उभा राहिला. "बाई, भुईवर नका घालू. भुईवरचं खाणं घोड्याला सोसत नसतंय. गव्हाण नको तर तोबरा बांधतो तोंडाला."

"तोबऱ्यात काय आहे, ते बाहेरून कुठे दिसतं?" मंजुळा म्हणाली.

"मग तुमच्या हातानं भरा. पण भुईवर नको."

गव्हाणीसाठी याचा एवढा जीव का तुटतोय? मंजुळेची शंका पक्की झाली. तो जितका विनवी, तितकी ती हट्टाला पेटे. चंदी रोज भुईवर पडू लागली. मंजुळा स्वतः उभी राहून दौलूच्या हातांवर पहारा ठेवी. त्याच्या बोटांत काय आहे, कमरेला काय आहे, तो कोणाशी काय बोलतो, सगळं ती टिपून ठेवी.

दोन महिन्यांनी एक घोडा पोटात दुखून लोळू लागला. पाय झाडी, मान वळवून कुशीकडे बघे. तिसऱ्या दिवशी मेला. आठवड्यात दुसरा गेला, मग तिसरा. मंजुळेनं पोटशुळाची सगळी औषधं दिली, पण कशाचाच गुण येईना. तिनं राजापुढे जाऊन सांगितलं, "महाराज, हे विष आहे. दौलू ते कसं देतो ते मला अजून सापडलेलं नाही, पण देतो तोच."

राजानं दौलूला कोठडीत टाकलं. आणखी एक घोडा गेला तर त्याचा उजवा हात तोडायचा, असा निवाडा झाला. आता तुम्ही म्हणाल, कोठडीतला माणूस विष देणार कसं? राजाला हा प्रश्न पडला नाही. आणि मंजुळेला प्रश्नांची कमतरता कधी नव्हती, पण नेमका हाच तिलाही पडला नाही. दौलूचा पागेत कोणी साथीदार असणार, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती उरलेल्या मोतद्दारांवर पाळत ठेवू लागली.

चौथ्या दिवशी केतकी लोळू लागली. दौलूची हाक नव्हती म्हणून आधीच तिचं खाणं तुटलं होतं. संध्याकाळच्या आत ती मेली.

तलवार बाहेर निघाली. पण प्रधान म्हातारा आणि सावध होता. तो म्हणाला, "महाराज, हात एकदा तुटला की जोडता येत नाही. आधी घोडी उघडून बघू." आणि त्यानं हंबीरला बोलावणं धाडलं.

मंजुळेला धडकी भरली. हा लगामाचं जुनं उट्टं काढणार, विष माझ्याच औषधात होतं म्हणून सांगणार! "मी तिथून हलणार नाही," ती म्हणाली.

"उलट तू जवळच उभी राहा," हंबीर म्हणाला. "माझ्या नजरेतून काही सुटलं तर सांग."

त्यानं फडकं सोडलं, सुरी धुतली आणि केतकीचं पोट उघडलं. आतडं हाताला दगडासारखं लागलं. त्यानं ते चिरून परातीत उपडं केलं. विष नव्हतं, कीड नव्हती. नदीकाठची बारीक, करडी वाळू होती. परात भरली तरी ती संपेना.

"हिला चंदी कुठे घालत होतात?" हंबीरनं विचारलं.

पागेतले सगळे मंजुळेकडे बघू लागले. भुईवरच्या प्रत्येक घासाबरोबर घोड्यांनी चिमूट चिमूट वाळू गिळली होती, आणि ती रोज समोर उभी राहून बघत होती. फक्त घोड्यांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं हंबीरला विचारलं, "त्या दिवशी तू गुरुजींकडे कशाला गेला होतास?"

"लगाम मागायला," तो सरळ म्हणाला. "गुरुजी म्हणाले, पहिला हक्क मंजुळेचा. तिनं सोडला तरच तुझा."

मंजुळा उठली आणि स्वतः कोठडीपाशी गेली. दार उघडून ती म्हाताऱ्याच्या पाया पडली. "दौलूबाबा, चूक माझी. तुम्ही खरं सांगत होतात. मला क्षमा करा आणि पागेत परत चला."

दौलूनं तिला उठवलं. "क्षमा केली, बाई. तुमच्यावर राग नाही माझा." "केतकी कुठंय?"

मंजुळेच्या तोंडाकडे बघूनच तो समजला.

"शेवटी शेवटी खात होती का काही?" त्यानं विचारलं.

"नाही," मंजुळा म्हणाली. "तुमची वाट बघत होती."

दौलूनं आपला तोडायचा राहिलेला हात एकदा बघितला आणि पागेकडे पाठ करून तो चालू लागला. राजानं माणसं पाठवली, मंजुळा वेशीपर्यंत मागे धावली, पण तो परत आला नाही. पागेतले उरलेले घोडे कित्येक दिवस चंदीसमोर उभे राहून दाराकडे कान लावत, आणि प्रत्येक घोड्याला मंजुळेला हातानं घास भरवावा लागे.

म्हणून थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय: शंका रोगावर घ्यावी, माणसावर घेतली तर रोग डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.