बुडायला उशीर करणारी वाटी

फार पूर्वी, घरोघरी घड्याळं नव्हती आणि वेळ पाण्यावर मोजत, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठच्या गावात रायाजी नावाचा एक घटका मोजणारा माणूस होता.

घाटावरच्या दगडी छत्रीखाली तो बसे. समोर पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ, आणि त्या पाण्यावर तरंगणारी तांब्याची एक वाटी. वाटीच्या तळाला बारीक भोक होतं. सूर्य उगवला की रायाजी वाटी पाण्यावर सोडी. हळूहळू ती भरे आणि बुडे. बुडाली की एक घटका झाली. मग ती उचलायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. अशा आठ घटका झाल्या की रायाजी काशाची मोठी थाळी जोराने वाजवी.

त्या थाळीवर गावाचा जीव होता. उन्हाळ्यात नदी आटे. पात्रात मधेमधे डबकी उरत. सकाळ झाली की रंगारी तिथे कापडं खळबळून वाळूवर पसरत, बायका वाळूत झरे उकरून पाणी भरत. पण वरच्या गावाने नदीला बांध घातला होता, आणि सूर्योदयापासून दहा घटका झाल्या की तिथला कोंडाजी नावाचा म्हातारा आपल्या वाटीवर घटका मोजून बांधाचं दार उघडी. मग भरल्या पात्राने पाणी धावत येई. त्याच्या आत सगळ्यांनी काठावर यायचं, म्हणून ही थाळी.

गावात रायाजीला मोठा मान होता. कुणी त्याच्यासमोरून चप्पल घालून जात नसे. पण त्याच्या पोटात एक गोष्ट सलत होती. वाटी नेमकी तेवढ्याच वेळात का बुडते, हे त्याला ठाऊक नव्हतं. बापाने वाटी कशी सोडायची ते दाखवलं होतं, आणि पुढचं काही सांगायच्या आत बाप गेला होता. रायाजीनेही कधी विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारलं, तेव्हा ‘मला माहीत नाही’ म्हणायला त्याची जीभ वळली नाही. तो म्हणाला, “वाटीला मंत्र दिलाय.” ऐकणाऱ्याने हात जोडले. घरी जाताना रायाजीचे कान गरम झाले होते. पण बोललेलं परत कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवसापासून वाटी सोडताना तो नुसतेच ओठ हलवू लागला.

अशी वर्षं गेली.

एका उन्हाळ्यात लोकांना जाणवू लागलं की थाळी वाजल्यावर पूर्वीइतका वेळ मिळत नाही. आधी कापडांच्या घड्या घालून, गप्पा मारत वर यायला सवड असे. आता कापडं कशीबशी गोळा करून पळावं लागे. “वरचा म्हातारा घाई करतो हल्ली,” असं लोक म्हणत. रायाजी मान डोलावी.

एके सकाळी मैनाबाई तांबटीण घाटावर आली. गावातली भांडी घडवायचं आणि जोडायचं काम ती करी. बराच वेळ ती घंगाळापाशी उभी राहून वाटीकडे बघत राहिली.

“रायाजीभाऊ,” ती म्हणाली, “वाटी सावकाश बुडतेय. पूर्वी तुमची थाळी वाजायची तेव्हा माझ्या भट्टीची सावली उंबऱ्यावर असायची. आता ती पार आत सरकलेली असते. वाटीचं भोक बघा बरं एकदा. पुट चढलं असेल.”

घाटावर दहा-बारा माणसं होती. सगळ्यांच्या माना रायाजीकडे वळल्या. भोकाचा आणि वेळेचा काय संबंध, हे त्याला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हे या सगळ्यांसमोर दिसेल, या भीतीने त्याच्या अंगाला घाम फुटला.

“भांडी ठोकणाऱ्या बाईने मला घटका शिकवायची?” तो मोठ्याने म्हणाला. “मंत्राची वाटी आहे ती. तुझी कढई नव्हे!”

लोक हसले. मैनाबाई एवढंसं तोंड करून निघून गेली.

सगळे पांगल्यावर रायाजीने वाटी उचलून उलटी केली. भोकाच्या कडेला पांढरं काहीतरी साचलं होतं. बोटाने चोळलं, निघालं नाही. एखाद्या तांबटाला विचारावं, असं त्याला वाटलं. पण गावात तांबट म्हणजे मैनाबाईच. तिलाच विचारायचं? आत्ताच तिचं हसं केल्यावर? त्याने वाटी पुन्हा पाण्यावर सोडली आणि ओठ हलवले.

तिसऱ्या दिवशी आठवी वाटी बुडायच्या आतच पाणी आलं.

मैनाबाई सावली बघून आधीच काठावर येऊन उभी होती. “पाणी येतंय! वर या!” असं ती घसा फाटेपर्यंत ओरडली, म्हणून माणसं वाचली. पण सोनाई रंगारीण आपली कापडं उचलायला वाकली आणि लोंढ्याने तिला दगडावर आपटलं. तिला ओढून काढलं तेव्हा तिचा उजवा हात कोपरातून मोडला होता. लग्नसराईसाठी रंगवलेली लाल-पिवळी कापडं पाण्याबरोबर वाहून गेली.

रायाजीच्या हातात थाळी वाजवायची मोगरी तशीच राहिली होती.

“थाळी वाजायच्या आधी दार उघडलं!” लोक संतापले. “धरून आणा त्या कोंडाजीला!” चार तरुण वरच्या गावाकडे धावले. रायाजीने त्यांना अडवलं नाही. मैनाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. तिच्या नजरेपेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

दुपारी कोंडाजीला घाटावर आणलं. म्हाताऱ्याने आपली वाटी फडक्यात बांधून बरोबर आणली होती. पाटलांनी दोन्ही वाट्या एकाच घंगाळात सोडायला लावल्या. सगळं गाव वाकून बघू लागलं. कोंडाजीची वाटी भरत भरत गेली आणि डुबकन बुडाली. रायाजीच्या वाटीचा काठ अजून पाण्याच्या वर होता.

“बघा! याचीच वाटी घाईची!” कुणीतरी ओरडलं.

कोंडाजीने सोनाईच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. डोक्यावरचं पागोटं काढलं आणि तिच्या पायाशी ठेवलं. “असेल, बाई,” तो म्हणाला. “मी रोज राखेने घासतो वाटी. घासून घासून भोक मोठं झालं असेल. माझ्या लक्षात आलं नाही. माझीच चूक असेल.”

रायाजीने खाली मान घातली. स्वतःचं काही चुकलेलं नसताना हा म्हातारा इतक्या सहज म्हणतोय, ‘माझ्या लक्षात आलं नाही.’ आणि आपल्याला ते चार शब्द उभ्या जन्मात जमले नाहीत. गप्प राहिलो तर मान राहील, थाळी राहील, आणि हा माणूस ही चूक डोक्यावर घेऊन मरेल. त्याला आपल्याच पायांकडे बघवेना.

“ते पागोटं उचला,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की कुणाला ऐकू गेला नाही. मग तो मोठ्याने म्हणाला, “पागोटं उचला, कोंडाजीबाबा! तुमची वाटी बरोबर आहे. माझी चुकली.”

लोक एकमेकांकडे बघू लागले.

“मैनाबाईने मला तीन दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी तिचंच हसं केलं.”

“पण वाटीला मंत्र आहे ना?” पाटलांनी विचारलं.

“मंत्र नाही,” रायाजी म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “मी नुसते ओठ हलवत होतो. वाटी का बुडते ते मला माहीत नाही. कधीच नव्हतं. मैनाबाई, तूच सांग सगळ्यांना. मलाही सांग.”

मैनाबाईने पुढे येऊन वाटी हातात घेतली.

“यात गूढ काही नाही,” ती म्हणाली. “रिकामी वाटी हलकी, म्हणून तरंगते. भोकातून थेंब थेंब पाणी आत येतं, तशी ती जड होते. पुरती भरली की बुडते. भोक तेवढंच राहिलं, तर वेळही तेवढाच लागतो. म्हणून तांबट आधी भोक बारीक पाडतो आणि वाटी सोडून बघत बघत बेताने वाढवतो. भोक मोठं झालं तर वाटी लवकर बुडणार, बुजलं तर उशिरा. या घंगाळात आपल्या विहिरीचं पाणी आहे. त्यात डाळ शिजत नाही, हंड्याला पांढरं पुट चढतं. तेच पुट इथे चढलंय.”

तिने चिंचेचा कोळ मागवला आणि भोकाला लावून ठेवला. पांढरं पुट फसफसून सुटं झालं. मग तिने बाभळीच्या काट्याने ते अलगद काढलं. “लोखंडी सुई घालायची नाही हं,” ती रायाजीला म्हणाली, “भोक वाढेल.” त्याने मान हलवली. पन्नास वर्षांचा माणूस, पण सगळ्या गावासमोर तो शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

दोन्ही वाट्या पुन्हा सोडल्या. या वेळी त्या बरोबरच बुडाल्या.

कुणी टाळी वाजवली नाही. रायाजीने पागोटं उचलून कोंडाजीच्या हातात दिलं. कोंडाजीने ते डोक्यावर ठेवलं आणि आपल्या गावाची वाट धरली. रायाजी त्याला वेशीपर्यंत सोडायला गेला. म्हाताऱ्याच्या शेजारून चालायचा त्याला धीर झाला नाही, म्हणून तो चार पावलं मागून चालला.

पाटलांनी थाळी त्याच्याकडेच ठेवली, पण वाटी मैनाबाईच्या देखरेखीखाली दिली. दर आठवड्याला दोन्ही गावांच्या वाट्या एका घंगाळात सोडून सगळ्यांसमोर बघायच्या, असंही ठरलं. लोक आता रायाजीसमोरून चपला घालून जाऊ लागले.

सोनाईचा हात बसला, पण वाकडा बसला. त्या उन्हाळाभर रायाजी तिची ओली कापडं पिळून देत होता. तिचा मोडलेला हात दिसला की त्याची नजर खाली जाई. पहिला महिना ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मग एके दिवशी पिळ्याचं दुसरं टोक डाव्या हाताने धरत तिने विचारलं, “हा लाल रंग पाण्यात का सुटत नाही, सांग बरं?”

रायाजीचे ओठ सवयीने हलले. मग थांबले.

“मला माहीत नाही, सोनाई,” तो म्हणाला. “कसं होतं ते?”

आणि सोनाईने पीळ घालता घालता त्याला तुरटीचं पाणी रंगाला धाग्यात कसं धरून ठेवतं, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तात्पर्य: ‘मला माहीत नाही’ म्हणायची लाज घडीभराची असते, पण ते लपवलं, तर त्याचा भार दुसऱ्या कुणाला तरी सोसावा लागतो.