वरच्या डोहाचं कुंपण

त्या रानात कुंपणं फार झाली होती. काही कामाची होती, काही नुसतीच अडगळ. केव्हाच आटून गेलेल्या एका विहिरीभोवतीही कुंपण होतं आणि त्यापायी हरणांना अर्ध्या डोंगराचा वळसा पडायचा. म्हणून पंचांनी ठरवलं, की यापुढे प्रत्येक कुंपण गवताच्या दोरीनं बांधायचं. दोरी वर्षभर टिकते. वर्ष सरलं की पंचांनी बसून नवी बांधायची. नाही बांधली, तर कुंपण आपलं आपण पडेल. गाठ मात्र पंचांचीच हवी, दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

धोंडबा साळिंदर वरच्या डोहाचा राखणदार होता. डोहाचं पाणी खाली झऱ्यात उतरायचं आणि सगळं रान तेच प्यायचं. पूर्वी डुकरं डोहात लोळायची. एका उन्हाळ्यात त्या घाण पाण्यानं सशांची सतरा पिल्लं गेली, तेव्हा हे कुंपण झालं. पंचांचा ठराव धोंडबाला पटला होता. विहिरीचं कुंपण त्यालाही आडवं यायचं.

वर्ष सरत आलं, तशी त्यानं नवी दोरी वळली आणि ती पाठीवर टाकून तो पंचांच्या बैठकीला टेकडीकडे निघाला. वाटेत चिंगी ससिणीनं बिळातून डोकं काढलं.

"धोंडबाकाका, यंदा माझी पाच आहेत. कालपासून पाण्याला तोंड लावायला लागलीत."

"लावू दे गं पोरी. गाठ मारून घेतो नि आलोच."

पंचांपुढे कुंपणं होती बाराशे आणि बैठक होती तीन दिवसांची. पहिला दिवस कुणी कुठल्या दगडावर बसायचं यात गेला. दुसरा दिवस त्या आटलेल्या विहिरीनं खाल्ला. बरीच भांडणं होऊन अखेर तिला नवी दोरी बांधली गेली. तिसऱ्या दिवशी मोरांच्या नाचाच्या मैदानाचा विषय निघाला. धोंडबा हळूच पुढे झाला.

"पंच, आमच्या डोहाचं तेवढं..."

"डोहाला कुणाची हरकत आहे का?" मुख्य पंच अस्वलानं विचारलं.

"नाही जी. कुणाचीच नाही."

"मग घाई कसली? आधी भांडणाची घेऊ."

मैदानाचं भांडण मिटेपर्यंत सूर्य टेकला आणि बैठक उठली.

धोंडबा परतला तेव्हा जुनी दोरी मातीत पडली होती. बुधाजी डुक्कर गळ्याइतक्या पाण्यात बसला होता.

"बाहेर ये रे बुधाजी."

"का म्हणून, काका? मी कुंपण मोडलं नाही. पडलेलं ओलांडलं."

"अरे, पण काल बंदी होती."

"होती की."

"मग आज उठवली कुणी?"

बुधाजी खरोखरच विचारात पडला. "कुणीच नाही," तो म्हणाला आणि त्यालाही ते जरा विचित्र वाटलं.

धोंडबानं नवी दोरी स्वतःच बांधली. बुधाजी ती बघत राहिला, मग हलकेच म्हणाला, "काका, ही गाठ तुमची आहे." धोंडबानं ती सोडली. तो काठावर बसून राहिला. डोह तोच, डुक्कर तोच, पिल्लं तीच. मग बदललं काय, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येईना.

तीन दिवस बोलून घसे कोरडे पडलेले पंच सकाळी झऱ्यावर उतरले. चिंगी पाचही पिल्लं पोटाशी घेऊन लांब उभी होती.

"काका, पाजू का यांना?"

धोंडबाला तिच्याकडे बघवेना.

अस्वलानं घोट घेतला आणि चिखल थुंकला. "हे कुणी होऊ दिलं?" ते गरजलं.

माकडानं मोराकडे पाहिलं, मोरानं अस्वलाकडे. मग सगळेच पंच खाली वाकून पाण्यात पाहू लागले. पाणी गढूळ होतं. त्यात एकाचंही तोंड दिसत नव्हतं.