झाकलेली खिरापत

मी डाळ निवडत होते, तेव्हा माझी थोरली बहीण कुमुदताई म्हणाली, "उद्या बालवाडीचा पाठ बघायला साहेब येणार. नाही पटला, तर सणांचे पाठ बंद." तिने तरी भोंडलाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी भोंडल्याची गाणी संपली. साहेब म्हणाले, "बाई, हा नुसता खेळ. शिक्षण कुठाय?"

ताईने खिरापतीचा झाकलेला डबा पुढे केला. "ओळखा ना, साहेब."

"लाडू! पेढे! करंज्या!"

"नाऽही!" मुलं ओरडली. छोट्या रेवाने डबा हलवला, हुंगला. "खुळखुळतंय. खमंग वास येतोय. फुटाणे!"

"साहेब, तुम्ही नुसती नावं घेतलीत. तिने आधी तपासलं, मग उत्तर दिलं. हेच शिक्षण," ताई म्हणाली.

साहेबांनी हसून फुटाणे घेतले. सणांचे पाठ चालू राहिले.

गेल्या वैशाखात ताई गेली. यंदाच्या भोंडल्यासाठी तिने ठरवलेली खिरापत करायची राहिली.