नाव न घेता दिलेले औषध

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या शिष्येने त्यांच्या सकाळच्या दुधात, त्यांना न सांगता, वेखंडाचे चूर्ण मिसळले. हे कृत्य सर्वस्वी तिचे होते. अकरा वर्षे ज्यांच्यापाशी ती विद्या शिकली, त्या गुरूंनी आदल्या दिवशी ज्येष्ठमधाची मुळी हातात घेऊन तिलाच विचारले होते, "हे काय गं?" आणि ते थट्टा करीत नव्हते.

स्मरणशक्ती टिकवणारे म्हणून ग्रंथांत जे जे सांगितले आहे, ते ते तिने वाढवत नेले. वेखंडानंतर शंखपुष्पी आली, मग मालकांगोणीचे तेल. परंतु गुरूंची अन्नावरची वासना उडाली; रोग्यासमोर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागू लागला. विस्मरण बळावले असे समजून तिने मात्रा आणखी वाढवली.

एके सकाळी गुरू आपल्या आसनावर बसलेच नाहीत. रोग्यांसाठी अंथरलेल्या चटईवर ते बसले, शिष्येला आसन दाखवले आणि आपले मनगट पुढे केले.

"वैद्यबाई, नाडी पाहा."

"गुरुजी, हे काय आरंभले आहे?"

"रोग्याला उलट प्रश्न कशाला? पाहा."

तिने बोटे टेकवली. नाडी मंद होती. गुरुपत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकल्या. ओटीवर बसलेला व्यापारी, वैद्यांचा जुना रोगी, तोही वळून पाहू लागला.

"आता विचारा, काय काय घेता म्हणून. राहू दे, मीच सांगतो. दुधात वेखंड, ते तुझे. चटणीत ब्राह्मी, ती हिची. आणि पाचक म्हणून हे शेठजी ज्या पिवळ्या गोळ्या देतात, त्यांत माशाचे तेल. जन्मभर शाकाहारी राहिलो, आणि म्हातारपणी या गृहस्थाने मला मासे खाऊ घातले!"

व्यापारी ओशाळला. गुरुपत्नी म्हणाल्या, "अहो, मग इतके दिवस मुकाट्यानं गिळलंत कशाला? एक शब्द तरी बोलायचा!"

"जिभेला अजून ओळख पटते, याचेच समाधान वाटत होते."

मग ते शिष्येकडे वळले. "मुली, रोग्याच्या तळहातावर औषध ठेवताना त्याचे नाव मोठ्याने उच्चारावे, ही या घराची रीत. तू ते उच्चारले नाहीस. कारण मग माझ्या रोगाचेही नाव घ्यावे लागले असते. तिघांनीही तेच केले. कोणाचे औषध कोणाला ठाऊक नाही, आणि माझे पोट मात्र सगळ्यांचे! ही औषधे वाईट नाहीत. पण जे माझ्यातून गेले आहे, ते कोणत्याही मुळीने परत आल्याचे मी साठ वर्षांत पाहिलेले नाही."

"आणि तुम्ही मलाच विसरलात तर?"

"विसरेन," गुरू म्हणाले. "बहुधा विसरेन. म्हणून तर मला गुंगीत ठेवू नकोस. जे आठवते, ते जागेपणी सांगू दे."

शिष्येने नाडीवरची बोटे उचलली नाहीत. ती रडत होती.

त्या दिवशी असे ठरले, की तिन्ही औषधे थांबवावीत. पहाटे डोके निवळ असते, तेव्हा गुरूंनी शिकवावे. आणि रोग्यांना औषध यापुढे शिष्येनेच द्यावे. गुरूंनी मागितले, ते रागावले, तरी त्यांना औषधांच्या कपाटाला हात लावू देऊ नये. ही अखेरची अट गुरूंनीच घातली. व्यापाऱ्याने ती तत्काळ मान्य केली. गुरुपत्नींनी तोंड फिरवून मान्य केली. शिष्येने संध्याकाळपर्यंत अवधी मागितला आणि दिवेलागणीला, अगदी हळू आवाजात, होकार दिला.