प्रधानजींची मान

एका राजाचे प्रधान हैबतराव भर दरबारात गरजले, "महाराज, भिवबा पहाऱ्यावर घोरतो आणि खजिन्यावरचा गोंदा गुपितं गावभर करतो. दोघांनाही हाकला!"

महाराजांच्या आत्यासाहेब तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत, कामं चुकलीत. गोंदाला दवंडी पिटायला लावा. भिवबाला बाळराजांच्या पाळण्यापाशी बसवा. त्याची जांभई बघून पोर झोपेल तरी!"

झालंही तसंच. हैबतराव चिडले. "मग माझंही काम चुकलंय म्हणा की!"

"चुकलंयच. राजा काहीही बोलला की तुम्ही मान डोलावता. तुम्ही नंदीबैल व्हायचात, चुकून प्रधान झालात."

"महाराज, आत्यासाहेब मला बैल म्हणतात!"

"बरोबरच म्हणतात," महाराज म्हणाले.

आणि हैबतरावांनी सवयीने मान डोलावली.