फारसीतला पहिला

हे खुलताबादेत घडलं की दौलताबादेत, हे केशवराव धामणकरांना आता शपथेवर सांगता येत नाही. उतारवयात गावं एकमेकांत मिसळतात. मौलवी मीर कुतुबअलींचा वैतागलेला आवाज मात्र अजून कानात आहे.

"पण असं का, मौलवीसाहेब? दोपासून दोयम, सेपासून सोयम, चहारपासून चहारुम. मग पहिला यकपासून का नाही? हा अव्वल कुठला?"

"अरबस्तानातला. पाहुणा आहे."

"आणि यकुम?"

"आहे की. बीस्त-ओ-यकुम, एकविसावा. विसाच्या पाठीमागे उभा राहतो. एकटा सहसा फिरत नाही."

"म्हणजे नियमच नाही!"

"तुमच्या मराठीत 'एकवा' म्हणतात का हो?"

संस्कृतात एम.ए. केलेल्या केशवरावांना हे सुचायला हवं होतं.

"बरं, ते राहू द्या. मला शागीर्द कधी करणार? घरातल्या पोथ्या तुम्ही शागिर्दांशिवाय कुणाला दाखवत नाही. इथे बसलेल्या या तिघा शागिर्दांपेक्षा माझी फारसी चांगली आहे."

"या अल्ला... रोज तेच!"

तेवढ्यात जेवणासाठी दस्तरखान पसरला. मौलवी स्वतः लोटा घेऊन आले. केशवरावांनी हात पुढे केले. पाणी कोमट होतं, थंडीत बरं वाटलं. त्यांनी हसून तिघा शागिर्दांकडे पाहिलं.

"बघा, पहिला मीच."

मौलवींनी कपाळाला हात लावला.

तिघेही उठले. अंगणातल्या रांजणापाशी गेले, गार पाण्यानं हात धुऊन आले.

"त्यांच्या हातावर का नाही ओतलंत?"

"त्यांच्या? ते घरचे आहेत."

केशवरावांचं हसू मावळलं. ते उठले आणि लोट्याला हात घातला.

"द्या इकडे. तुमचे हात मी धुतो."

"ठेवा तो! जेवा आधी, निवतंय सगळं."

ते खाली बसले. आपण पुन्हा चुकलो की काय, हे त्यांना कळेना.

मौलवी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी केशवरावांनी त्यांच्या थोरल्या लेकीला, जमीलाबींना, त्या दिवसाबद्दल विचारलं. त्यांना चांगलं आठवत होतं. जेवणं उरकल्यावर अब्बा स्वयंपाकघरात आले होते आणि चिडक्या आवाजात म्हणाले होते,

"उद्यापासून त्या धामणकरांसाठी पाणी तापवू नका."