पडलेल्याचा चेंडू

एकदा एका नगरात, नदीपलीकडच्या माळावर, एक वृद्ध गुरू रग्बी शिकवीत असत. सारे त्यांना आबा म्हणत. तरुणपणी ते आखाड्यात होते. पुढे छावणीत नोकरी करताना लांबट चेंडूचा हा खेळ त्यांनी पाहिला आणि ते जन्मभरासाठी त्याचे झाले. माळावर गवत कमी, खडे जास्त. तरीही पोरे येत, धडका देत, गुडघे फोडून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

या माळावर दोन भाऊ घडले. आधी थोरला. तो मोठ्या शहरातल्या संघात गेला, तिथून परदेशातल्या क्लबात, आणि खेळ हाच त्याचा व्यवसाय झाला. या व्यवसायाचे आयुष्य दुरून दिसते तसे नसते. थोरल्याचे कान पैलवानासारखे चुरगळले, बोटे मोडून वाकडीच जुळली, आणि दर हंगामाच्या अखेरीस क्लब पुन्हा करार करील की नाही, याची धाकधूक असे. तरी तो दहा-बारा वर्षे टिकला. संघाचा कर्णधार झाला. सुट्टीत घरी आला की पहाटे धाकट्याचे पांघरूण ओढी आणि त्याला माळावर नेई. "चल रे, अंग मोकळं करू," एवढेच म्हणे.

मग त्याला रक्ताचा आजार झाला. ज्याला तीन-तीन माणसे मिळून पाडू शकत नसत, तो एका हिवाळ्यात संपला.

भेटायला आलेले लोक धाकट्याला म्हणत, "आता सोड रे. गेला तो. सोडायला शिकावं माणसानं." असे म्हणून चहा पीत आणि निघून जात. नेमके काय सोडायचे, कुठून हात काढायचा, हे एकानेही सांगितले नाही.

धाकटा माळावर परतला खरा, पण त्याच्या खेळात एक विचित्र दोष शिरला. या खेळाचा नियम असा, की चेंडू घेऊन धावणाऱ्याला कुणी खाली पाडले तर त्याने चेंडू सोडायचा. मागून धावत आलेल्या सोबत्याने स्वतःच्या पायांवर उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना रेटायचे, चेंडू राखायचा आणि उचलून पुढे, समोरच्या टोकाच्या रेषेकडे, जायचे. धाकटा मात्र सोबती पडला की जिवाच्या आकांताने धावे आणि त्याच्या अंगावर पालथा पडे. दोन्ही हातांनी त्याला झाकून टाकी. पंच शिट्टी वाजवी आणि चेंडू दुसऱ्या संघाला मिळे.

एकदा त्याच्याखालून बाहेर येत एक सोबती ओरडला, "अरं लेका, तू खेळाडू हाईस का गोधडी? मी काय थंडीनं पडलोय व्हय?"

सगळे हसले. धाकटा त्याच्यावर धावून गेला. दोघांना सोडवताना आबांचा चष्मा फुटला.

येत्या रविवारी एका व्यावसायिक संघाचे निवडकर्ते सामना पाहायला येणार होते. आबांनी धाकट्याला बाजूला घेतले.

"हे थांबलं नाही, तर रविवारी तू बाहेर बसशील."

"आबा, दादा इथूनच पुढं गेला."

"माहीत आहे."

"मग मला बसवू नका. माझ्याकडं दुसरं काही नाही आता."

"म्हणून तर सांगतोय," आबा म्हणाले.

शनिवारी सरावाच्या वेळी आबांनी स्वतःच चेंडू उचलला आणि विजारीचे पाय वर दुमडले. "आज मी धावणार. मला पाडा."

"आबा, हाडं मोजावी लागतील!" गोधडीवरून टोमणा मारणारा सोबती म्हणाला.

"माझी हाडं, मी मोजीन. तू पाड."

तो पुढे आला. त्याने आबांच्या कमरेला मिठी घातली आणि पाटावर मूर्ती ठेवावी तसे त्यांना अलगद खाली ठेवले. पडता पडता आबांनी हात मागे लांबवून चेंडू जमिनीवर ठेवला. धाकटा धावत आला आणि त्यांच्या अंगावर पालथा पडला.

आबा उठले. कपडे झटकले. "पुन्हा."

पुन्हा तेच झाले. आबांचे कोपर सोलवटले. "पुन्हा," ते म्हणाले. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. म्हाताऱ्याला आज काय झाले आहे, हे कुणाला कळेना. पुढच्या वेळी धाकटा त्यांच्या पाठीवर पडला तेव्हा त्या म्हाताऱ्या बरगड्यांतली धडधड त्याला स्वतःच्या छातीत जाणवली आणि त्याला रडू फुटले.

"आबा, बस्स करा! लागतंय तुम्हाला!"

"पडल्यानं थोडं लागलं. तुझ्या वजनानं जास्त लागतंय. ऊठ आधी."

धाकटा उठला. आबा मात्र तसेच पडून राहिले.

"आता नीट बघ. मी काय केलंय?"

"पडलाय."

"आणि?"

धाकट्याने पाहिले. आबांचा हात मागे लांबवलेला होता. पंजा उघडा होता. चेंडू त्याच्यापलीकडे पडला होता.

"चेंडू सोडलाय."

आबा जमिनीवरूनच बोलू लागले. "बाळ, लोक तुला सोड म्हणतात. त्यांचं चुकतंय. सोडणं हे पडलेल्याचं काम. ते फार अवघड असतं, आणि तुझ्या दादानं ते नीट केलं. शेवटी शेवटी मी त्याच्याजवळ बसलो होतो. बोलायला दम पुरत नव्हता त्याला. तरी म्हणाला, धाकटा धडक देताना डावा खांदा उशिरा लावतो, तेवढं बघा. मरताना माणूस स्वतःचं काही मागतो. त्यानं तुझा खांदा माझ्याकडे सोपवला. त्यानं चेंडू हाताच्या टोकापर्यंत नेऊन तुझ्या बाजूला ठेवलाय रे. तू पडलेला नाहीस, मागून आलेला आहेस. तू त्याच्यावर आडवा झालास तर त्याला ऊब लागत नाही. खेळ मात्र तिथंच थांबतो."

धाकट्याने बाहीने नाक पुसले. "उभं राहवत नाही, आबा."

"मग वाकून उभा राहा. या खेळात ताठ उभं कोण राहतं?"

धाकटा आबांच्या पुढे गेला. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून उभा राहिला. सोबती एकेक करून येऊन त्याला रेटू लागले. तो जागचा हलला नाही. मग त्याने मागे वळून चेंडू उचलला. आबांना उठवायला तो टोमणा मारणारा सोबती धावला. या वेळी कुणी हसले नाही.

रविवारी आबांनी त्याला खेळवले. पूर्वार्धात एकदा जुन्या सवयीने तो पडलेल्या सोबत्यावर आडवा झाला आणि शिट्टी वाजली. त्याने कडेला उभ्या आबांकडे पाहिले. आबा दुसरीकडेच पाहत होते. तो उठला. निवडकर्त्यांनी त्याला पुढच्या चाचणीला बोलावले, पण ती गोष्ट संध्याकाळची. त्याला जे कळायचे होते ते उत्तरार्धातच कळले.

सोबती पडला होता. धाकटा त्याच्यापाशी वाकून उभा राहिला, रेटला गेला, टिकला, आणि चेंडू उचलून धावत सुटला. दोघांनी त्याला पाडले. गाल खड्यांवर घासला. हात आपोआप मागे गेला, पंजा उघडला, आणि कुणीतरी चेंडू उचलून नेला. जमिनीला गाल लावून तो पाहत राहिला. त्याला कुणाचा चेहरा दिसला नाही. दिसले ते आपल्याच माणसांचे पाय, धूळ उडवीत, लांब लांब, रेषेकडे जाणारे.

शेवटच्या दिवसांत दादाला अंधार दिसला असेल, असेच तो आजवर समजत होता.

तो क्षणभर तसाच पडून राहिला. मग उठला आणि त्या पायांच्या मागे धावू लागला.